सरडेआजोबांचं दुखणं

आपल्या घरातल्या आजोबांना बरं वाटत नसलं की ते आपल्याला कसं कळतं? सोपं आहे, तेच सांगतात! “अरे, आज गुडघा फार ठणकतोय, जरा तेल चोळ बघू.” “चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय, पेपरातली अक्षरं लागत नाहीत.” आणि समजा नाहीच सांगितलं, तरी कपाळावरची आठी पाहून आजीला बरोबर कळतं.

आता कल्पना करा, घरातले आजोबा हिरव्या अंगाचे आहेत. डोक्यावर टोकदार टोपीसारखा तुरा आहे. एक डोळा खिडकीकडे आणि दुसरा तुमच्याकडे लागलेला आहे. आणि जन्मात त्यांनी एक शब्दही उच्चारलेला नाही. त्यांचा गुडघा ठणकला तर?

हसू नका! अमेरिकेत आणि युरोपात असे आजोबा खरोखरच कितीतरी घरांत असतात. त्यांना म्हणतात येमेनी शॅमेलिऑन. त्यांचं मूळ गाव येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग. पण आता पाळण्यासाठी त्यांची मुद्दाम पैदास करतात. तिकडे राहणाऱ्या तुमच्या एखाद्या मावसभावाकडेही असा पाहुणा असेल, कुणी सांगावं!

आपल्या कुंपणावर बसून मान वरखाली करणारा सरडा वेगळा, बरं का. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण त्याची. शॅमेलिऑन मात्र सहसा धावण्याच्या भानगडीत पडत नाही. चिमट्यासारख्या पावलांनी फांदी धरत, वाऱ्यावर पान हलावं तसा डुलत डुलत तो चालतो. धावते ती त्याची जीभ. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती बाहेर पडते आणि किडा घेऊन परत येते.

सातवीतला दादा, म्हातारा शॅमेलिऑन

येमेनी शॅमेलिऑनचा नर नीट सांभाळला तर साधारण सहा ते आठ वर्षं जगतो. मादीचं आयुष्य त्याहून कमी. म्हणजे तुम्ही पहिलीत असताना अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू तुम्ही सातवीत जाईपर्यंत आजोबा झालेलं असतं!

शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि सगळ्यांची आयुष्यं सारखी नसतात. मादागास्कर बेटावर लाबोर्डचा शॅमेलिऑन नावाची एक जात आहे. तो आठ-नऊ महिने अंड्यातच असतो आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगतो. तेवढ्यात वाढायचं, अंडी घालायची आणि संपून जायचं. शास्त्रज्ञांनी २००८ साली हे जगापुढे मांडलं, तेव्हा सगळ्यांनीच तोंडात बोटं घातली. त्या मानाने आपले येमेनी आजोबा दीर्घायुषीच म्हणायचे.

पण दीर्घायुष्य आलं की म्हातारपण आलं आणि म्हातारपणाबरोबर दुखणीही आली.

दुखणं लपवणारा प्राणी

शॅमेलिऑन आजारी पडला तर तो कुणाला कळू देत नाही. हा त्याचा हट्ट नाही. रानात साप आणि शिकारी पक्षी टपलेले असतात. जो लंगडताना दिसेल तो आधी पकडला जाणार. म्हणून शॅमेलिऑन शेवटपर्यंत ‘मी ठणठणीत आहे’ असंच दाखवत राहतो. पिंजऱ्यात साप नाही हे त्याला कोण सांगणार? आणि आपल्याला जेव्हा आजार उघड दिसतो, तेव्हा पुष्कळदा बराच उशीर झालेला असतो.

मग ओळखायचं कसं? तुम्ही म्हणाल, रंगावरून! तो तर रंगाचाच राजा. खरं आहे. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की रंग बदलतो, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिलं. पण इथेच तर गंमत आहे. शॅमेलिऑन रागावला तरी रंग बदलतो, घाबरला तरी बदलतो. सकाळी गारठलेला असला की ऊन शोषून घेण्यासाठी गडद होतो. म्हणजे काळसर दिसला की आजारी असं म्हणता येत नाही. पण दिवसभर ऊब मिळूनही तो मळकट आणि काळवंडलेलाच राहिला तर मात्र शंका घ्यावी.

थोडक्यात काय, त्याचं ‘नेहमीचं’ कसं असतं हे तुम्हाला ठाऊक असेल, तरच ‘आजचं वेगळं’ कळेल. त्यासाठी लागतात दोन वस्तू. एक वही आणि एक वजनकाटा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याचं वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. दीडशे ग्रॅमच्या शॅमेलिऑनचं पंधरा ग्रॅम वजन घटलं, तर पाहून कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण चाळीस किलोच्या मुलाचं चार किलो वजन घटण्यासारखंच आहे ते! खाल्लं किती, विष्ठा कशी होती, डोळे कसे होते, हेही वहीत लिहायचं. शॅमेलिऑनचे डोळे म्हणजे फिरते बुरूजच. ते खोल गेलेले दिसले, किंवा भर दिवसा मिटलेले दिसले, तर ती धोक्याची घंटा समजा.

दिवा लागतो, पण ऊन मिळत नाही

कुठली दुखणी होतात, तेही पाहू या.

पहिलं हाडांचं. लहान मुलांना होणारा मुडदूस तुम्ही ऐकला असेल. अंगाला ऊन मिळालं नाही की ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसलं की कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडून वाकतात. शॅमेलिऑनचंही अगदी तस्संच. पिंजऱ्यात त्याला खरं ऊन मिळत नाही, म्हणून अतिनील किरणं देणारा खास दिवा लावतात. बंद काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन उपयोगी पडत नाही, कारण ही किरणं साधी काच अडवते.

या दिव्याची एक खोडी आहे. काही महिन्यांनी त्यातली अतिनील किरणं कमी होतात, पण उजेड तसाच राहतो! आपल्याला वाटतं दिवा चालू आहे. म्हणून दिव्याच्या प्रकाराप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तो बदलावा लागतो. बदलल्याची तारीखही वहीतच.

ऊन कमी पडलं की पाय वाकतात, जबडा मऊ होतो आणि पकड सुटायला लागते. जीभसुद्धा नीट सुटत नाही. समोर किडा दिसतो, पण आजोबांचा नेम चुकतो. खाऊ म्हणून दिलेल्या रातकिड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरतात ती याचसाठी. किती आणि कुठली पूड, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावं. ‘ड’ जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपायच होतो.

थेंबे थेंबे पाणी

दुसरं दुखणं सांध्यांचं. शॅमेलिऑनला वाटीतलं पाणी बहुधा पाणी वाटतच नाही! रानात तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून पिंजऱ्यातल्या पानांवर पाणी फवारायचं, किंवा वरून थेंब थेंब ठिबकत ठेवायचं. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर ताण येतो. मूत्रपिंडं थकली की युरिक आम्ल रक्तात साठतं आणि त्याचे खडे सांध्यांत जाऊन बसतात. यालाच म्हणतात गाऊट. माणसांनाही होतो. सांधे सुजतात आणि फांदी धरायलासुद्धा त्रास होतो.

याची चाहूल विष्ठेत लागते. तिचा एक भाग पांढरा असतो. तो पिवळा किंवा नारिंगी दिसू लागला, तर पाणी कमी पडतंय असं समजावं. शी करून नाक मुरडू नका. डॉक्टरही आधी हेच विचारतात!

आणि सरडेआजी? त्यांचं दुखणं निराळं. नर कधी पाहिलाही नसला तरी मादी अंडी घालते. ती पिल्लं न होणारी अंडी असतात, पण त्यांत तिची ताकद आणि कॅल्शियम खर्च होतंच. अंडी पुरायला ओलसर वाळूची खोल जागा मिळाली नाही, तर ती पोटातच अडकतात आणि जीवावर बेततं. मादीला फार खायला घातलं की अंडीही जास्त होतात. म्हणून लाडाने भरवत सुटणं हा लाड नव्हेच.

आजोबांसाठी घर बदला

घरात आजोबा थकले की आपण काय करतो? न्हाणीघरात धरायला दांडी बसवतो, त्यांची खोली खालच्या मजल्यावर आणतो. इथेही तसंच करायचं.

उंच फांद्या थोड्या खाली आणायच्या आणि जवळजवळ लावायच्या, म्हणजे लांब ढेंगा टाकाव्या लागणार नाहीत. पडलेच, तर लागू नये म्हणून तळाला मऊ कापड पसरायचं. दिव्याची ऊबदार जागा सहज चढून जाता येईल अशी ठेवायची. किडे पिंजऱ्यात मोकळे न सोडता एका भांड्यात घालून तोंडाजवळ धरायचे, म्हणजे नेम चुकला तरी जेवण पळून जाणार नाही.

ऊब फार महत्त्वाची. शॅमेलिऑनच्या अंगात स्वतःची शेगडी नसते. शरीर थंड पडलं की अन्न पचत नाही, रोगाशी लढता येत नाही, औषधही नीट काम करत नाही.

तोंड उघडं टाकून, मान वर करून श्वास घेत असेल, नाकातोंडाशी फेस दिसत असेल, फांदीवरून पुन्हा पुन्हा पडत असेल, तर वेळ घालवू नये. तडक सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावं. क्ष-किरण फोटो आणि रक्ततपासणी शॅमेलिऑनचीही होते! घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र कध्धीच देऊ नयेत. आणि त्याला हात लावल्यावर आपले हात साबणाने धुवायचेच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि लहान भावंडांना ते फार त्रास देतात.

पालकांसाठी दोन शब्द

सगळी दुखणी बरी होत नाहीत. खराब झालेली मूत्रपिंडं पुन्हा नवी होत नाहीत. कधीकधी डॉक्टर सांगतात की आता औषधाने केवळ वेदना लांबतील, आणि झोपेचं शेवटचं इंजेक्शन सुचवतात. तेव्हा मुलांना ‘तो गावाला गेला’ असं सांगू नका. इतकी वर्षं ज्याची वही लिहिली, त्याचा निरोप घ्यायचा मुलांना हक्क आहे. आपण कुठे चुकलो का, हा प्रश्नही मूल विचारेल. तेव्हा वही उघडून सोबत वाचा.

आणि आपण?

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, “आई, मलाही शॅमेलिऑन हवा!” थांबा. आपल्या भारतातही शॅमेलिऑन आहे. महाराष्ट्रातल्या रानांतही तो दिसतो. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलंय. त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. तो विषारी असतो ही समजूतही साफ खोटी. रस्ता ओलांडताना दिसला तर दगड उचलू नका. गाड्या येत नाहीत ना एवढं पाहा, आणि त्याला त्याच्या चालीने जाऊ द्या. जखमी दिसला तर मोठ्यांना सांगून वनखात्याला कळवा. खरंया दिव्यांचा, थेंबांचा आणि काट्यांचा एवढा खटाटोप वाचलात ना? रानातलं झाड हे सगळं त्याला फुकट देतं.

पण वही तुम्हालाही ठेवता येईल. तुमच्या घरी म्हातारा मोत्या असेल, थकलेली मनी असेल. तो आज जिना चढताना थांबला का? तिने दूध अर्धंच प्यायलं का? मुक्या जिवांची तक्रार कानांनी ऐकू येत नाही, ती डोळ्यांनीच ऐकावी लागते. 

मग काय, आजच एक कोरी वही काढाल ना? पहिल्या पानावर तारीख घाला, आणि मोत्याचं वजन लिहा!