मोटर जळली म्हणतात, पण खरंच जळली का?

(भागाचं शब्दांकन. बोलताना सांगितलेले व्होल्टेजचे आकडे इथे लिहून दिले आहेत, म्हणजे सायकलपाशी बसून बघता येतील.)

इलेक्ट्रिक सायकलवरच्या भागानंतर बरेच मेसेज आले, त्यातला एक आज घेऊ. एक श्रोते सायकलवरून दुधाचा रतीब घालतात. एका पावसानंतर त्यांची सायकल अशी वागायला लागली: थ्रॉटल पिळला की मागचं चाक थरथरतं, गुरगुरतं, पण पुढे जात नाही. पायाने ढकललं तर कधी चालते, कधी नाही. दुकानात सांगितलं, मोटर जळली, नवी टाका. आता टाकायची का, हा त्यांचा प्रश्न.

माझं उत्तर: थोडं थांबा. ही लक्षणं जळलेल्या मोटरची वाटत नाहीत. हब मोटरच्या आत तांब्याची वेटोळी असतात आणि चुंबक असतात. जुन्या मोटरसारखे ब्रश नसतात, त्यामुळे विजेच्या बाजूने घासून झिजण्यासारखं आत काही नाही. ती जळते, नाही असं नाही, पण त्यासाठी लांब चढावर जड ओझं घेऊन वास येईपर्यंत तापवावी लागते. त्या आधी वायर, कनेक्टर, सेन्सर आणि कंट्रोलर यांची पाळी येते. आणि हे सगळं साध्या डिजिटल मल्टीमीटरवर तपासता येतं.

आधी बॅटरी. 36 व्होल्टची बॅटरी म्हणजे एकामागे एक जोडलेले लिथियम सेलचे 10 गट. पूर्ण चार्ज झाली की 42 व्होल्ट, आणि साधारण 30-31 ला आली की पुरवठा बंद होतो. उभ्या सायकलवर 38 दिसले म्हणून बॅटरी ठणठणीत, असं मात्र समजू नका. डिस्प्लेवर व्होल्टेज दिसत असेल तर चढावर लक्ष ठेवा. 38 चे एकदम 31 होत असतील आणि थ्रॉटल सोडल्यावर परत वर येत असतील, तर एखादा गट दमलाय किंवा बॅटरीच्या खालचे संपर्क काळे पडलेत. पण तेव्हा सायकल एकदम बंद पडते, गुरगुरत नाही. म्हणजे आपल्या दूधवाल्या दादांचं दुखणं हे नव्हे.

मोटर अजिबातच हूं की चूं करत नसेल, तर दोन्ही ब्रेकच्या कटऑफ स्विचचे कनेक्टर काढून बघा. स्विच दाबलेल्या अवस्थेत अडकला की कंट्रोलरला वाटतं ब्रेक लागलाय. मात्र ही परीक्षा चाक अधांतरी असताना करायची, आणि नंतर कनेक्टर परत लावायचे. मग थ्रॉटल. त्याच्या लाल-काळ्या वायरमध्ये साधारण 5 व्होल्ट हवेत. तिसरी वायर सिग्नलची. काळ्या वायरशी मोजलं तर थ्रॉटल सोडलेला असताना तिच्यावर 0.8-0.9 च्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साडेतीन-चारच्या आसपास व्होल्ट येतात. ते 5 व्होल्टच गायब असतील तर लगेच कंट्रोलरला दोष देऊ नका. थ्रॉटल आणि मोटरचे सेन्सर बहुतेक कंट्रोलरमध्ये याच 5 व्होल्टवर चालतात. एका कनेक्टरमध्ये पाणी शिरून शॉर्ट झालं की सगळेच उपाशी! एकेक कनेक्टर काढत जा. ज्याने 5 व्होल्ट परत येतील, तो गुन्हेगार.

आता गुरगुरण्याकडे येऊ. मोटरमध्ये 3 हॉल सेन्सर असतात. (चुंबकाचा हा परिणाम एडविन हॉल यांनी 1879 मध्ये दाखवला, नाव त्यांचंच.) चुंबक या क्षणी कुठे आहे, हे ते कंट्रोलरला सांगतात आणि त्यावरून कंट्रोलर ठरवतो की तीनपैकी कोणत्या फेजना वीज द्यायची. तिघांतला एक गप्प झाला तर कंट्रोलरला चुकीची जागा कळते. मग तो एकदा पुढे ढकलतो, एकदा मागे. बाहेरून दिसतं ते थरथरणं.

तपासायचं असं. मोटरमधून 3 जाड वायर येतात, त्या फेजच्या. सोबत 5 बारीक: लाल, काळी आणि सिग्नलच्या पिवळी, हिरवी, निळी. सेन्सरचा कनेक्टर जोडलेलाच ठेवा, सायकल चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब काळ्या वायरवर, लाल प्रोब कनेक्टरच्या मागून एकेका सिग्नलवर. चाक हाताने अगदी हळू फिरवा. प्रत्येक सिग्नल शून्याजवळून पाचाजवळ आणि परत, असा उड्या मारायला हवा. एक ठरावीक जागी चिकटून बसला तर बिघाड त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. एक खुबी लक्षात ठेवा: गिअरवाली हब मोटर असेल तर चाक उलटं फिरवायचं. सुलट फिरवलं तर आतल्या फ्रीव्हीलमुळे मोटर फिरतच नाही आणि चांगले सेन्सरही मेलेले दिसतात.

सिग्नल चिकटला म्हणून लगेच मोटर उघडू नका. आधी कनेक्टर बघा: हिरवट गंज, मागे सरकलेली पिन. मग वायर जिथे एक्सलमधून बाहेर येते ती जागा. सायकल त्या अंगावर पडली किंवा नट ढिला होऊन एक्सल फिरला, की वायर तिथेच चेपते. सेन्सर तिन्ही ठीक असतील तर जाड वायर पाहा, कारण एक फेज सुटली तरी मोटर अशीच थरथरते. तिथला कनेक्टर बहुतेक वेळा तपकिरी किंवा वितळलेला सापडतो.

आता ते "जळली" प्रकरण. बऱ्याचदा मीटर बीप मोडवर ठेवून दोन फेज वायरना लावतात, बीप वाजतो, आणि शॉर्ट जाहीर होतो. अहो, तो वाजायलाच हवा! तिन्ही वेटोळी आत एकमेकांना जोडलेली असतात आणि त्यांचा रोध एका ओहमपेक्षाही कमी असतो. फेज आणि एक्सलमध्ये बीप वाजला तर मात्र काळजीचं.

खरी परीक्षा हाताने होते. बॅटरी काढा, फेजच्या वायर कंट्रोलरपासून सोडवा, कशाला टेकू देऊ नका. चाक फिरवा (गिअरवालं असेल तर उलटं). तरीही अडखळत, जड फिरत असेल तर आत वेटोळी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. सोडवल्यावर नेहमीसारखं फिरतं आणि जोडल्यावर जड होतं, तर कंट्रोलरचा मॉस्फेट गेलाय, मोटर नाही. खात्री करायची तर मीटर डायोड मोडवर घ्या: काळा प्रोब कंट्रोलरच्या बॅटरी प्लसवर, लाल एकेका फेजवर. मग लाल बॅटरी मायनसवर, काळा एकेका फेजवर. सगळीकडे साधारण अर्धा व्होल्ट, एकमेकांच्या जवळपास, यायला हवा. कुठे शून्य आलं तर कंट्रोलर बदला. बॅटरी काढल्यावर काही मिनिटं थांबूनच हे करा, आत कपॅसिटर भरलेला असतो.

सेन्सर आतलाच गेला असेल तर दोन वाटा. मोटर उघडून तिन्ही सेन्सर एकदम बदलायचे (चुंबक जोरदार असतात, बोटं सांभाळा), किंवा सेन्सरशिवाय चालणारा कंट्रोलर लावायचा. दुसरं सोपं, पण उभ्या जागेवरून उचलताना तो गचके देतो. दुधाचे कॅन घेऊन दारोदार थांबणाऱ्याला मी सेन्सर बदलायलाच सांगेन.

मोटर बंद करताना एक करा. वायर एक्सलमधून निघाल्यावर थेट वर नेऊ नका, आधी खाली झोळासारखी सोडा आणि मग वर घ्या. म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळत एक्सलमध्ये न शिरता झोळाच्या टोकाशी गळून जातं. बॅटरीचा पॅक मात्र कितीही मोह झाला तरी घरी उघडायचा नाही. त्यावर पुढच्या भागात बोलू.