न आलेल्या गाडीची वाट

सायकलस्वाराला डोंगराच्या चढाची धास्ती वाटते, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. चढ फारच अंगावर आला तर माणूस खाली उतरतो, सायकल हाती धरून चालू लागतो आणि माथ्यावर पोचला की घाम पुसून पुन्हा स्वार होतो. खरी धास्ती असते ती मागून भरधाव येणाऱ्या मालमोटारीची. तिच्यापुढे पायांतील बळ उपयोगी पडत नाही आणि अनुभवही कामास येत नाही.

माझे बालपण सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूर-परतवाड्याच्या परिसरात गेले. सुट्टीच्या दिवशी आम्ही मुले तासाच्या भाड्याने सायकली घेऊन डोंगराच्या दिशेने निघत असू. दुपारपर्यंत आमचा पत्ता नसला तरी घरी कोणी काळजी करीत नसे. आज माझ्या मुलाला त्याच रस्त्यावर एकटे पाठविण्याचे धैर्य मला होत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी ही अडचण विशेष जाणवते. सपाट मुलखात गावोगाव पाणंदी आणि गाडीवाटा असतात; एक रस्ता सोडून दुसऱ्याने जाता येते. पायथ्याला मात्र नदीचे खोरे अरुंद होत जाते, आणि त्या खोऱ्यात मावेल असा रस्ता बहुधा एकच असतो. बाजाराला जाणारा शेतकरी, शाळेतील मुले, पर्यटकांच्या मोटारी आणि मालाने लादलेली वाहने, या सर्वांना तोच एक आधार. मग सायकलस्वाराने जावे कोठून?

गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांत ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची एक सायकल लोकप्रिय झाली आहे. शर्यतीच्या सायकलीप्रमाणे तिची मूठ खाली वळलेली असते; पण टायर चांगला रुंद असतो आणि त्यात हवा बेताची भरतात. त्यामुळे खडी, मुरूम किंवा दाबलेली माती यांवरून ती न घसरता, न आदळता चालते. तिच्या स्वाराला डांबराची गरज नाही. त्याला हवी असते ती केवळ रहदारी नसलेली अखंड वाट. अशी वाट नव्याने बांधणे फार खर्चाचे काम आहे. परंतु ती अनेक ठिकाणी आधीच बांधलेली आहे, आणि ती बांधली आहे आगगाडीने.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक सहज धावते. पण घर्षण कमी असल्यामुळे तेच चाक तीव्र चढावर घसरते. म्हणून लोहमार्गाचा चढ फार सौम्य ठेवावा लागतो. आपल्या बोरघाटात ३७ फुटांत १ फूट चढ आहे, आणि तेवढ्याचसाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. हा सौम्यपणा राखण्यासाठी इंजिनिअरांनी टेकड्या चिरल्या, बोगदे खोदले, ओढ्यांवर भराव घातले. गाडीच्या सोयीसाठी केलेला हा खटाटोप सायकलस्वाराला आयताच लाभतो. ज्या चढावर इंजिन धापा टाकते, तो चढ शाळकरी मुलगाही सायकलवरून सहज चढून जातो.

स्पेन देशाच्या दक्षिणेस, अँदालुसिया प्रांतात, याचे एक नमुनेदार उदाहरण पाहावयास मिळते. हेरेस ते आल्मार्गेन असा एक लोहमार्ग तेथे १९२० नंतरच्या दशकात बांधावयास घेतला होता. पुढे देशाची घडी विस्कटली, पैसा आटला, १९३६ साली यादवी युद्ध पेटले, आणि काम कायमचे राहून गेले. पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा या डोंगरपायथ्याच्या टप्प्यात बोगदे खोदून झाले होते, पूल उभे राहिले होते, स्थानकांच्या इमारतीही तयार होत्या. आली नाही ती फक्त गाडी. पुढची कित्येक दशके ती स्थानके ओसाड पडून होती.

१९९३ साली स्पेनच्या शासनाने व रेल्वे संस्थांनी मिळून बंद पडलेल्या लोहमार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ करण्याची योजना हाती घेतली. आज अशा वाटांची लांबी ३,००० किलोमीटरांहून अधिक भरते. ओल्वेराची वाट त्यांतलीच एक. सुमारे ३६ किलोमीटरांच्या या मार्गावर ३० बोगदे आणि ४ उंच पूल आहेत. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा असल्यामुळे सायकलीला दिवा हवाच. ओल्वेरा हे पांढऱ्याशुभ्र घरांचे, कड्यावरच्या जुन्या किल्ल्याचे गाव. तेथून निघाले की वाट बहुतांशी उताराने, आधी ग्वादालपोर्कून व मग ग्वादालेते या नद्यांच्या सोबतीने जाते. दोहों बाजूंस ऑलिव्हच्या बागा आणि ओकची झाडे दिसतात. मध्ये साफ्रामागोन नावाचा प्रचंड सुळका लागतो. त्याच्या कपारींत ग्रिफन जातीच्या गिधाडांची मोठी वसाहत आहे. जवळचे स्थानक आता ती गिधाडे पाहण्याचे केंद्र झाले आहे. इतर काही स्थानकांत प्रवाशांची राहण्या-जेवणाची सोय होते. ज्या गावांना गाडीने काही दिले नाही, त्यांना तिच्या रिकाम्या वाटेने थोडाफार रोजगार दिला.

श्रोतेहो, या कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती? बोगदे नव्हेत, पूलही नव्हेत. ती आहे जमिनीची अखंड पट्टी. सरकारी नोकरीत जमिनीचे नकाशे हाताळल्यामुळे मला हे अधिक जाणवते. लोहमार्गासाठी शेकडो शेतकऱ्यांकडून तुकडा-तुकडा घेऊन एक पट्टी जोडावी लागते. ती जोडावयास वर्षे जातात. मोडावयास मात्र एखादे कुंपण, एखादी टपरी, भरावाचा मुरूम उचलून नेणारी एखादी गाडी पुरते. ३६ किलोमीटरांपैकी १०० मीटर गेले तरी ती वाट उरत नाही; उरतात दोन तुकडे.

अमेरिकेने हे ओळखून १९८३ साली कायद्यात एक सोय केली. जो लोहमार्ग बंद करावयाचा, त्याची जमीन विकून न टाकता पादचारी व सायकलस्वार यांना वापरू द्यावी; पुढे गाडीची गरज भासली तर तिचा हक्क शाबूत राहावा. म्हणजे वाट ही गाडीची सवत नसून तिची राखणदार ठरते.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर मूर्तिजापूर ते अचलपूर ही आमची ‘शकुंतला’ येते. सुमारे ७६ किलोमीटरांचा हा अरुंद लोहमार्ग १९१३ साली सुरू झाला. सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाणारी ती गाडी आता थांबली आहे. तेथे रुंद मार्गाची गाडी यावी अशी लोकांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. ज्याला दवाखान्यात जावयाचे आहे, ज्याला कापूस न्यावयाचा आहे, त्याला मुरमाची सायकलवाट दाखविणे ही थट्टा होईल. गाडी येणार असेल तर आधी गाडीच यावी.

पण देशात असेही लोहमार्ग आहेत की ज्यांवर गाडी परत येणार नाही, किंवा येण्यास फार काळ लागेल. तोवर त्या पट्टीची मोजणी करावी, हद्दीचे दगड शाबूत ठेवावेत, पुलांची डागडुजी करावी आणि ती लोकांच्या पायांखाली व सायकलींखाली राहू द्यावी. रोज वापरातल्या वाटेवर अतिक्रमण करावयास कोणी सहसा धजत नाही. वापर थांबला की मात्र बाभळी उगवतात आणि पाठोपाठ कुंपणे येतात. ओल्वेराच्या लोकांनी न आलेल्या गाडीची वाट पाहिली, आणि अखेर तिच वाट त्यांच्या उपयोगी पडली. आपल्याकडे निदान ती वाट शिल्लक तरी राहावी.