तारे किती खरे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये शाळकरी खेळाडूंना कॉलेजात जाण्याआधीच तारे मिळतात, जास्तीत जास्त पाच. ‘२४७स्पोर्ट्स’ ही वेबसाइट दरवर्षी साधारण ३२ जणांनाच पाच तारे देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीत निवडी तेवढ्याच. तीन तारेवाले मात्र शेकड्यांनी. त्यामुळे एनएफएलमध्ये नुसती डोकी मोजली की तेच जास्त भरतात आणि ‘तारे खोटे’ अशी आवई उठते. प्रमाण काढलं तर पाच तारेवाले कितीतरी पुढे! अंदाज फसतात तेही चांगलेच. बचावपटू जे. जे. वॉट दोन ताऱ्यांचा. विस्कॉन्सिन विद्यापीठात आला तो स्कॉलरशिपशिवाय. २०११च्या ड्राफ्टमध्ये ११वा निवडला गेला आणि तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. आणखी एक गोम आहे: बड्या कॉलेजांनी बोलावणं धाडलं की मुलाचे तारे कधीकधी वाढतात. म्हणजे पारख नेमकी कोणाची?