घरच्या कारखान्यात बांधलेले विमान
शाळेत आम्ही राइट बंधूंचा धडा शिकवतो. लिलियन ब्लँड हे नाव आम्हालाही उशिराच कळले. आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ कार्नमनी येथे आत्येच्या घरी, आत्येच्या दिवंगत यजमानांच्या कारखान्यात, या बाईंनी स्वतः विमान बांधले. लाकूड, बांबू, कापड! नाव ठेवले 'मेफ्लाय', म्हणजे 'उडेलही कदाचित'.

आधी इंजिनाविना ते टेकडीवर नेले. वजन पेलते का पाहायला चार पोलीस आणि बागेत काम करणारा पोऱ्या त्याला लोंबकळले. विमान उचलले जाताच पोलिसांनी हात सोडले, पोऱ्याने नाही.

मग इंग्लंडहून २० अश्वशक्तीचे इंजिन आणले. इंधनाची टाकी तयार नव्हती. बाई थांबतात कशाला? व्हिस्कीची बाटली आणि आत्येचा कानाला लावायचा कर्णा जोडून इंजिन चालवले! ऑगस्ट १९१० मध्ये रँडल्सटाऊनच्या मैदानावर मेफ्लाय जमिनीवरून उठले.

वडिलांना धास्ती. उडणे सोड, मोटार घेऊन देतो, म्हणाले. बाईंनी मोटार घेतली आणि पुढे बेलफास्टमध्ये फोर्ड गाड्या विकल्या. आम्हाला हा सौदा रुचत नाही. इंजिन विकले गेले, सांगाडा मुलांच्या ग्लायडर मंडळाला मिळाला.