घरचें शुभेच्छापत्र

संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर आप्तेष्टांस शुभेच्छापत्र धाडण्याची चाल आपल्या घरांतून पुष्कळ वर्षें होती. हल्लीं तिची जागा भ्रमणध्वनीवरील तयार संदेशांनीं घेतली आहे. एकच संदेश शंभरांकडे जातो, आणि तो आपल्यासाठीं आहे असें त्यांतील एकासहि वाटत नाहीं. गंमत अशी कीं, छापील शुभेच्छापत्राचा उगमहि सोयींतच आहे. १८४३ सालीं लंडनच्या हेन्री कोल ह्यांना नाताळचीं पत्रें लिहिण्यास सवड होईना, म्हणून त्यांनीं चित्रकाराकडून चित्र काढवून पत्र छापून घेतलें. वेळ वाचविण्यासाठीं जन्मलेली ही वस्तु आज वेळ खर्चून केली तरच तिला मोल येतें, असें आमचें मत आहे.

प्रथम कागद. आपल्या जिल्ह्यांतील जुन्नरचा हातकागद एके काळीं प्रसिद्ध होता, आणि पुण्यांत १९४० सालीं हातकागद संस्था निघाली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद लांब तंतूंमुळें किंचित् ओला करून चुरगळला तरी सहसा फाटत नाहीं. हा गुण पुढें उपयोगी पडतो.

आतां फूल. तयार साहित्यांत बहुधा गुलाबच असतो. पण बारामती-इंदापुराकडे डाळिंबाच्या बागा असतां गुलाबामागें कां धावावें? डाळिंबाच्या पाकळ्या मुळांतच चुरगळलेल्या असतात, आणि त्यांखालीं जाड, तांबडी पुष्पकोशाची कुपी असते.

ठसा लांकडाचा किंवा रबराचा घ्यावा. मुलांनीं बटाटा कोरला तरी चालेल. शाई पातळ लावावी आणि ठसा न हलवितां सरळ दाबून सरळ उचलावा. आधीं फिकट केशरी रंग, तो वाळल्यावर त्यावर गडद शिरा. मग साचा. बाजारांत मिळणारी ‘डाय’ म्हणजे फुलाच्या आकाराची धारदार पोलादी पट्टी. ती कागदावर ठेवून दोन पाट्यांमध्यें घालून लाटणयंत्रांतून काढली कीं पाकळी नेमकी कापली जाते. यंत्र नसेल तर कात्री आहेच. छापण्याआधीं कापूं नये. ठसा आकारांत बसविणें कठीण जातें. कापलेल्या पाकळ्या ओलसर करून बोटांनीं हलकेच चुरगळाव्या, घडीच्या पंचावर ठेवून चमच्याच्या पाठीनें मध्यभागीं दाबाव्या, आणि फक्त मध्यावर खळ लावून चिकटवाव्या. कडा मोकळ्या राहिल्या कीं फूल उमललेलें दिसतें.

अक्षरांविषयीं मात्र सावध असावें, हें आम्ही अनुभवानें सांगतों. इंदापुरास राहणाऱ्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांशीं मोरोपंतांच्या एका आर्येच्या अर्थावरून आमचा वाद झाला. पंत बारामतीचे, म्हणून आमचा अभिमान अंमळ अधिक. वाद विकोपास जाऊन बोलणें खुंटलें, तें नऊ वर्षें. वाट एस्. टी. नें तासा-दीड तासाची. पण पाऊल कोणीं उचलावें? गतवर्षीं संक्रांतीस आम्ही त्यांच्यासाठीं डाळिंबाचें फूल केलें आणि खालीं ‘गोड बोला’ हीं अक्षरें स्वतः कोरलेल्या ठशानें छापलीं. उमटलीं तीं सगळीं उलटीं! ठशावर अक्षरें उलटीं कोरावीं लागतात, हें जन्मभर मुलांस शिकविणाऱ्या आम्हांस सुचलें नाहीं. दुसरें पत्र करण्यास अवधि नव्हता; तसेंच धाडलें.

आठव्या दिवशीं पोस्टकार्ड आलें: “आपलें ‘गोड बोला’ आरशांत वाचलें. आर्येचा अर्थ मात्र आपण अजूनहि उलटाच लावतां. रविवारीं येतों.”

ते आले. वाद अद्याप मिटलेला नाहीं; परंतु आतां तो आमच्या ओटीवर, चहाबरोबर चालतो. बाजारचें निर्दोष पत्र त्यांनीं कदाचित् एका नजरेंत पाहून बाजूस ठेविलें असतें. आमचें सदोष पत्र वाचण्यासाठीं त्यांना उठून आरशापर्यंत जावें लागलें. वाचकांनीं ह्या संक्रांतीस फार नव्हे, एकच पत्र करावें. आणि ज्याच्याशीं बोलणें राहून गेलें आहे, त्याला तें धाडावें.