किल्ली फिरवताच दिवा का लागतो?

हळदीची पोती घेऊन हिंगोलीच्या मोंढ्याकडे निघालेल्या टेम्पोत तुम्ही चालकाशेजारी कधी बसला आहात का? किल्ली फिरवताच समोर लाल दिवे लागतात आणि इंजिन सुरू झाले की विझतात. असे का?

तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला दिवा पाहा. इंजिनावर त्याची एक कळ असते. ऑइलला दाब नसताना तिची टोके एकमेकांना टेकलेली असतात. विद्युत्‌मंडल पूर्ण होऊन दिवा लागतो. पंप फिरून दाब वाढला की आतला पडदा ढकलला जातो व टोके सुटतात. बॅटरीच्या दिव्याची गंमत निराळी. जुन्या बांधणीच्या गाड्यांत त्याचे एक टोक बॅटरीकडे, दुसरे जनित्राकडे. जनित्र फिरून दोन्हीकडचे विभव सारखे झाले, की प्रवाह वाहणार कशाला?

आता सांगा, किल्ली फिरवूनही ऑइलचा दिवा लागलाच नाही तर? चालक खूश होतो. मला मात्र धास्ती वाटते. बल्ब उडाला असेल, तार तुटली असेल. मग वाटेत दाब गेल्याचे कळणार कसे?

आणि धावत्या गाडीत तो दिवा लागला, तर ‘औंढ्यापर्यंत जाऊ, मग बघू’ हे चालायचे नाही. बेअरिंगे कोरडी घासून इंजिन जाम व्हायला काही मिनिटे पुरतात. चालकाला गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करायला सांगा.