अठरा सेकंदांचा थर

पंपांची घरघर अखंड चालू आहे. पोलादी कक्षाभोवतीच्या आवरणात द्रव नायट्रोजन खेळतोय, नळीच्या सांध्यावर पांढरं हिम धरलंय. काल रात्री, मूलद्रव्यं तापवणारे सगळे सेल थंड असताना, आतला दाब एक टॉरच्या अब्जांशाहूनही कमी होता. एवढ्या पोकळीतही काहीतरी उरतंच, आणि आजची सगळी काळजी त्या उरल्यासुरल्याचीच आहे.

गॅलियम आर्सेनाइडची चकती तापतेय. थर्मोकपलच्या आकड्यावर मॅडमचा विश्वास नाही. थर्मोकपल चकतीला टेकलेलाच नसतो. त्यांचे डोळे पृष्ठभागाची इलेक्ट्रॉन-नक्षी दाखवणाऱ्या हिरव्या पडद्यावर. धूसर नक्षी अचानक उजळते. ऑक्साइड उडाला, म्हणजे ५८० अंशांच्या आसपास आलो.

आधी साध्या गॅलियम आर्सेनाइडचा जाड थर, मग ॲल्युमिनियमवाली भिंत. इथे तापमान चढवावं लागतं. ॲल्युमिनियमचा अणू पडेल तिथे घट्ट बसतो, सरकत नाही. पृष्ठभाग खडबडीत होतो. शिवाय ऑक्सिजन दिसला की तो सोडत नाही. फार तापवावं, तर गॅलियम उडू लागतं. म्हणून या भिंतीवर वाढणाऱ्या विहिरीची, म्हणजे दोन भिंतींमधल्या पातळ थराची, खालची सीमा बहुधा वरच्यापेक्षा वाईट निघते.

खट्! शटर बदललं. आता विहीर. अणूंचा एक थर ०.२८ नॅनोमीटरचा, सेकंदाला एक. ५ नॅनोमीटरला अठरा सेकंद. खट्. गॅलियम बंद, आर्सेनिक चालूच. पडद्यावरच्या रेघा हळूहळू तेज धरतात: सुटे अणू पायरीच्या कडेपर्यंत सरकून बसताहेत.

"मॅडम, अजून थोडं थांबू या?" विद्यार्थी विचारतो.

"नको. तू थांबशील, पण कचरा थांबणार नाही."

शेजारच्या खोलीत मागच्या आठवड्याचा नमुना हीलियमने गार केलेला, लेझरखाली. त्याच्या वाढीत बराच वेळ थांबले होते. आलेखावर एका रुंद शिखराऐवजी दोन अरुंद शिखरं आहेत, मध्ये काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचं अंतर. विहीर कुठे अठरा थरांची, कुठे एकोणीस. पण प्रत्येक सपाट पट्टा ऐसपैस. विद्यार्थी खूश. मॅडम मात्र शिखरांच्या उंचीकडे बोट दाखवतात: प्रकाश निम्म्यावर आलाय.

"पुढच्या वेळी भिंत दहा अंश वर घेऊ. आणि ॲल्युमिनियमचा सेल आज रात्रीच तापवून ठेव, झाकण बंद करून."